विद्यापीठातले कार्यक्रम संपल्यावरच का कळतात?

पायरीवरचा | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. नवं सत्र तोंडावर आलंय आणि आवारात काय काय होणार आहे त्याचं साप्ताहिक पत्रक काढायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. विभागांकडून माहिती यायला लागली आणि मी डोकं धरून बसलो. व्याख्यानं, पीएच.डी.च्या खुल्या मौखिक परीक्षा, नाटकाच्या निवडचाचण्या, संघनिवड, ग्रंथालयाच्या वाढीव वेळा, परीक्षा अर्जाची मुदत, दीक्षान्त समारंभाची नोंदणी, वसतिगृहात दोन तास पाणी बंद. सगळं एकाच सुरात, एकाच अक्षरात. कशाने माझं वर्ष बुडेल आणि कशाने फक्त संध्याकाळ बरी जाईल, याचा पत्ता लागू न देता.

आलेल्यातला एक नमुना देतो. विभागाचं नाव काढलंय, बाकी शब्दन् शब्द तसाच:

«सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, विभागातर्फे आयोजित व्याख्यानमालेचे द्वितीय पुष्प येत्या गुरुवारी मान्यवर वक्ते गुंफणार आहेत. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी. स्थळ : नेहमीचे सभागृह. वेळ : दुपारी ठीक ३.»

विषय काय? वक्ते कोण? 'सर्व संबंधित' म्हणजे मी त्यात येतो का? आणि 'येता गुरुवार' कुठला? हा कागद फलकावर महिनाभर राहणार. दर आठवड्याला एक येता गुरुवार असतोच.

स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली होती आणि निमंत्रणं मुद्दाम मेजवानी उरकल्यावर जाहीर केली. कोणीच आलं नाही. त्यांचा तो प्रयोग होता, आपल्याकडे ती कार्यपद्धती आहे.

तर, तुमच्या विद्यापीठात हे कसं चालतं? काय केल्याने माणसं वेळेवर आणि योग्य खोलीत पोचतात? अनुभव सांगा, शिव्या पण चालतील.

तिसरा मजला | सोमवार, रात्री ९.२२

आमच्या मजल्यावरच्या फलकावर मागच्या सत्रातली नाटकाची निवडचाचणी अजून 'उद्या' आहे. मी रोज तयारी करून जातो.

(रुमाल टाकून ठेवतोय.)

निळी शाई | सोमवार, रात्री १०.०५

मी एका विभागाच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते. तुमच्या नमुन्याला हसू आलं, पण त्या 'कळविण्यात येते की'चा दोष भाषेपेक्षा सवयीचा आहे. परिपत्रकाचा एक साचा असतो, त्याला जावक क्रमांक पडतो, वर सही होते. सही करणारे साच्याबाहेरचं वाक्य दिसलं की पेन थांबवतात. म्हणून आम्ही साचाच पाठवतो.

पण खरा घोळ पहिल्या सूचनेत नसतोच. पहिली सूचना रमतगमत, सगळीकडे जाते: फलकावर, ईमेलवर, संकेतस्थळावर, वर्गाच्या गटावर, शिवाय सर तासाला तोंडी सांगतात. मग आदल्या दिवशी सभागृह बदलतं. आता घाई असते, म्हणून बदल फक्त गटावर पडतो. म्हणजे एका ठिकाणी खरं आणि चार ठिकाणी खोटं. जो माणूस सर्वांत शिस्तीचा, ईमेल वाचून डायरीत टिपून ठेवणारा, तोच नेमका रिकाम्या सभागृहात जाऊन बसतो.

फलकावर तर आणखी मजा. बदलाचा कागद जुन्याच्या शेजारी लावतात. जुना रंगीत आणि मोठा, नवा पांढरा आणि अर्ध्या पानाचा, चार ओळींचा. लोक कुठला वाचणार? मी आता जुन्या कागदावरच जाड पेनाने जुनी खोली खोडते आणि नवी लिहिते. कागद काढून टाकत नाही, कारण ज्याने तो आधी पाहिलाय तो त्याच जागी, त्याच रंगाला शोधत येतो. दिसायला गचाळ दिसतं. एका प्राध्यापकांनी 'विभागाची शान जाते' म्हणून तक्रारही केली. जाऊ दे म्हटलं शान, माणसं पोचतात.

माझं म्हणणं एवढंच की बदल त्याच वाटांनी गेला पाहिजे ज्या वाटांनी मूळ सूचना गेली. जेवढ्या वाटा बदलाच्या दिवशी झेपतील तेवढ्याच वाटांनी पहिली सूचना पाठवा. पाच ठिकाणी लावायची हौस असेल तर पाच ठिकाणी खोडायची तयारी ठेवा.

अपूर्णांक | सोमवार, रात्री १०.३१

निळी शाई ताई, शेवटचा परिच्छेद छापून प्रत्येक कार्यालयात लावायला हवा. (आणि खोली बदलली की तो पण खोडायला हवा.)

यावर तांत्रिक उपाय आहे आणि तो जुना आहे. कॅलेंडरची आयसीएस फाइल, म्हणजे कार्यक्रमाची वेळ आणि जागा थेट फोनच्या कॅलेंडरात घालणारी. तिचं सध्याचं प्रमाण आरएफसी ५५४५ (इंटरनेटची मानकं अशा क्रमांकांनी निघतात) या नावाने २००९ साली आलं, त्याआधीचं १९९८ चं. त्यात प्रत्येक कार्यक्रमाला एक कायमचा ओळख क्रमांक असतो, आणि बदल केला की एक आकडा वाढतो. तोच ओळख क्रमांक आणि वाढलेला आकडा आला की बहुतेक कॅलेंडरं नवी नोंद न करता जुनीच दुरुस्त करतात. कार्यक्रम रद्द झाल्याचीही वेगळी खूण त्यात आहे.

गोची अशी की लोक फाइल उतरवून घेतात. उतरवली की ती तुमच्या फोनमधली प्रत झाली, मूळ कागदाशी तिचं नातं संपलं. त्यापेक्षा विद्यापीठाच्या कॅलेंडरचा दुवा 'सबस्क्राइब' करावा, म्हणजे तिकडे बदललं की इकडे बदलतं. फक्त ते लगेच बदलत नाही. कॅलेंडर आपल्या सवडीने ताजं होतं, कधी काही तास लागतात. त्यामुळे दुपारी ३ च्या व्याख्यानाची खोली २ वाजता बदलली तर दारावर कागदच लावा.

अनुस्वारी | सोमवार, रात्री ११.१०

'ठीक ३' बद्दल कोणीच बोललं नाही. या 'ठीक'चा अर्थ प्रत्येक विभागात वेगळा. जर्मनीतल्या विद्यापीठांत हे निदान लिहून-सांगून करतात. वेळेपुढे 'सी. टी.' असलं तर व्याख्यान पंधरा मिनिटांनी सुरू होणार, आणि 'एस. टी.' असलं तर अगदी वेळेवर. (हसू नका.) अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात तास दहा मिनिटं उशिरा सुरू व्हायची जुनी रीत होती, ती त्यांनी मे २०१८ पासून बंद केली, आता तास वेळेवर सुरू होतो आणि दहा मिनिटं आधी संपतो. आधी जाहीर केलं, मग केलं.

आपल्याकडे वक्ते ३ ला येतात, श्रोते ३.२० ला, आणि स्वागत-सत्कार उरकून विषयाला हात घालेपर्यंत ३.४०. सूचनेत 'व्याख्यान ३.३० ते ४.१५, प्रश्नोत्तरं ४.४५ पर्यंत' असं लिहा हो. ज्याला पुढचा तास आहे तो संपायची वेळ बघून ठरवतो, सुरू व्हायची नाही.

पायरीवरचा | सोमवार, रात्री ११.२४

संपायची वेळ! आत्ता सगळे अर्ज चाळून पाहिले. एकातही नाही. विभागांना पाठवायच्या फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा करतोय.

इतिहासजमा | मंगळवार, सकाळी ७.४८

जगातली सर्वांत गाजलेली विद्यापीठीय सूचना कोणती माहितीये? ३१ ऑक्टोबर १५१७, विटेनबर्ग, मार्टिन ल्यूथरचे ९५ मुद्दे. आपण ते चर्चविरुद्धचं बंड म्हणून शिकतो, पण कागद म्हणून पाहिला तर ती वादसभेची घोषणा होती. या मुद्द्यांवर विटेनबर्गमध्ये वाद होईल, अमुक अध्यक्ष, आणि ज्यांना प्रत्यक्ष येऊन बोलणं जमणार नाही त्यांनी पत्राने बोलावं, असं वर स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे 'ऑनलाइन सहभागाची सोय' १५१७ मध्ये होती, आणि आमच्या विभागाला ती २०२० पर्यंत सुचली नव्हती.

ज्या चर्चच्या दाराचं चित्र आपण पाहतो ते दार विद्यापीठाच्या सूचनाफलकासारखं वापरलं जायचं.

कडकनाथ | मंगळवार, सकाळी ८.१५

इतिहासजमा, ल्यूथरने ते मुद्दे दारावर खिळ्यांनी ठोकल्याची गोष्ट वादग्रस्त आहे. ल्यूथरने त्याच दिवशी माइन्झच्या आर्चबिशपला पत्र धाडलं हे नक्की. दारावर लावलं का, आणि त्यानेच लावलं का, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

इतिहासजमा | मंगळवार, सकाळी ८.३३

मान्य, म्हणूनच मी खिळ्यांचा उल्लेख टाळला. गंमत पुढे आहे. कागद लॅटिनमध्ये, विद्वानांसाठी. छापखान्यांनी तो उचलला, जर्मन भाषांतरं झाली आणि तो गावोगाव गेला. जी वादसभा जाहीर केली होती ती त्या स्वरूपात झालीच नाही. कार्यक्रम रद्द, सूचना अजरामर. त्यामुळे नुसती सूचना लोकांपर्यंत पोचली म्हणून कार्यक्रम यशस्वी, असं मानू नका.

तिसरा मजला | मंगळवार, सकाळी ८.४०

आणि कागदावर पूर्वनोंदणीची लिंकही नव्हती. गुण कापा.

वाचनकक्ष | मंगळवार, दुपारी १२.५०

मी ग्रंथालयात आहे. एक मुद्दा जरा कळकळीने मांडते, कारण तो कायम शेवटी येतो.

हल्ली सूचना म्हणजे चित्र. फुलापानांची चौकट, वक्त्यांचा फोटो, मागे इमारतीचं धुकट छायाचित्र आणि त्यावर पिवळी अक्षरं. हे चित्र ईमेलमध्ये चिकटवतात आणि ईमेलच्या मजकुरात लिहितात 'कृपया सोबतचे पत्रक पहावे'. आमच्याकडे एक अंध विद्यार्थी नेमाने येतो. त्याच्या फोनमधला, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज एवढंच बोलतो: 'कृपया सोबतचे पत्रक पहावे. चित्र.' मी शेजारी उभी होते. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, आज चित्र आहे म्हणे." सूचना त्याच्याच शाखेतल्या शिष्यवृत्तीची होती, मुदत त्याच आठवड्यातली.

चित्र करा, हौस आहे ती भागवा, पण खाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टाका. तो शोधता येतो, भाषांतरात टाकता येतो, कॅलेंडरमध्ये चिकटवता येतो. कमी नेटवर्कमध्ये चित्र उघडत नाही, अक्षरं उघडतात. रंगांचंही तेच: संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषात नेहमीच्या मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा उजेड-अंधाराचा फरक मागितलाय. पांढऱ्यावर पिवळं त्याच्या आसपासही फिरकत नाही.

अपूर्णांक | मंगळवार, दुपारी १.०५

हजारदा सहमत. आणि चित्राच्या कोपऱ्यात नखाएवढा क्यूआर कोड असतो त्याबद्दल. तो कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला गेला, कारखान्यातला मळ-ओरखडे धरून. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग गेला तरी वाचता येतो. पण त्याला चारही बाजूंनी मोकळी जागा लागते, त्यातल्या चार ठिपक्यांच्या रुंदीएवढी. आपले लोक तिथेच वेलबुट्टी काढतात आणि मग 'स्कॅन होत नाही' म्हणतात.

शिवाय छापलेला कोड बदलता येत नाही, पण तो जिथे नेतो ते पान बदलता येतं. म्हणून कोडने कार्यक्रमाच्या पानावर न्यावं. बहुतेक ठिकाणी तो त्याच पत्रकाच्या पीडीएफवर नेतो, म्हणजे कागदावरून त्याच कागदावर.

घाईगर्दी | मंगळवार, दुपारी २.२०

मला वाटतं तुम्ही सगळे सूचनेला फार दोष देताय. लोकांना यायचंच नसतं. उत्तम सूचना काढा, रिकाम्या खुर्च्या तेवढ्याच. उलट ज्याला यायचं असतं तो अंधारात चाचपडत येतो. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये तीन व्याख्यानं दिली आणि त्यांत फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची, गणितातल्या एका गाजलेल्या जुन्या कोड्याची, सिद्धता मांडली. शीर्षकात फर्माचं नाव नव्हतं, नुसते मॉड्युलर फॉर्म, वक्र वगैरे शब्द. तरी कुजबुज पसरली आणि २३ जूनच्या शेवटच्या व्याख्यानाला लोक कॅमेरे घेऊन हजर होते.

अनुस्वारी | मंगळवार, दुपारी २.४१

घाईगर्दी, ती कुजबुज कोणात पसरली? आधीच त्या खोलीत आणि त्या विषयात असलेल्यांत. पहिल्या वर्षाच्या मुलीला कोण कानात सांगणार होतं? ज्याच्या ओळखी आहेत त्याला सूचना लागत नाही. सूचना असते ती ज्याच्या ओळखी नाहीत त्याच्यासाठी.

(अवांतर: त्या सिद्धतेत नंतर एक भगदाड सापडलं, ते १९९४ मध्ये बुजवलं आणि १९९५ मध्ये ती छापून आली. शुद्धिपत्रकं थोरामोठ्यांनाही काढावी लागतात.)

पहिल्या बाकावर | मंगळवार, दुपारी ३.१२

मी गेली काही वर्षं फक्त वाचनमात्र होते, पण अनुस्वारींच्या प्रतिसादानंतर लिहावंसं वाटलं. पदवीच्या पहिल्या वर्षी खगोलशास्त्रावरच्या एका व्याख्यानाला मी दारापर्यंत गेले होते. आत सगळे मोठे, दाढीवाले, वह्या न घेता बसलेले. दारावरच्या कागदावर 'सर्व संबंधित' लिहिलेलं. मी वाणिज्य शाखेची. कशाशी संबंधित होते मी? परत आले. पुढे एकदा कुठल्याशा कागदावर 'कोणत्याही शाखेचे विद्यार्थी, गणित यायलाच हवं असं नाही' अशी ओळ दिसली आणि मी आत गेले. त्या एका ओळीचा खर्च शून्य आहे.

'बहुसंख्येने उपस्थित राहावे' हे सगळ्यांना म्हटलेलं असतं, म्हणून ते कोणालाच म्हटलेलं नसतं.

निळी शाई | मंगळवार, दुपारी ३.५५

पहिल्या बाकावर, लिहीत राहा.

तुमची ओळ मी उद्याच्या कागदात घालणार आहे, 'आमचे लोक बसायला जागा उरणार नाही' असा आक्षेप येईल हे माहीत असूनही. आजवर उभं राहून ऐकायची वेळ क्वचितच आलीय.

चष्मेबहाद्दर | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

परदेशी वक्त्यांच्या ऑनलाइन व्याख्यानांबद्दल कोणी लिहा. आमच्याकडे मागच्या मार्चमध्ये अख्खा वर्ग ठरल्या वेळी हजर आणि पडद्यावर कोणी नाही.

अपूर्णांक | मंगळवार, संध्याकाळी ६.५२

मार्च म्हणजे घड्याळं पुढे करायचा महिना. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी करतात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत न्यूयॉर्क आणि लंडन यांतलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चार तासांवर येतं. ऑक्टोबरच्या शेवटी युरोप आधी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. पुन्हा आठवडाभर तोच गोंधळ. 'तुमच्याकडे किती वाजलेत' असं फेब्रुवारीत विचारून मार्चची वेळ ठरवू नये. जागतिक प्रमाणवेळ लिहावी आणि शेजारी स्थानिक वेळ, शहराच्या नावासकट.

तारीखही ०३/०४ अशी लिहू नका. निम्म्या जगासाठी तो एप्रिल आहे, उरलेल्यांसाठी मार्च. महिना अक्षरात लिहायला किती जागा लागते?

तिसरा मजला | मंगळवार, रात्री ८.०९

एक हलकाफुलका मुद्दा. गटावर सूचनांमध्ये विनोद टाकणाऱ्यांचं काय करायचं? 'उद्या सर्व तास रद्द' आणि खाली दात काढणारा चेहरा. काही जण चेहऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

इतिहासजमा | मंगळवार, रात्री ८.४४

तो चेहराच मुळी याच कारणाने जन्माला आला! कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्टमधल्या भौतिकशास्त्राच्या कोड्यांची थट्टा चालली होती. एकाने गंभीर चेहऱ्याने सूचना टाकली की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय. ज्यांनी आधीची थट्टा वाचली नव्हती त्यांना ते खरं वाटलं. मग विनोद ओळखायला खूण हवी अशी चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं, विनोदापुढे :-) लिहा. तो मूळ मजकूर पुढे हरवला आणि २००२ मध्ये जुन्या बॅकअप टेपांमधून शोधून काढला.

तरी माझं मत: सूचनांच्या गटावर फक्त सूचना. गप्पांना दुसरा गट. पाऱ्याची खरी सूचना कधीतरी येईलच.

पायरीवरचा | बुधवार, रात्री ९.३०

मंडळी, तुमचं सगळं वाचून सुरुवातीचा नमुना पुन्हा लिहिलाय. तारखा आणि खोल्या नमुन्यादाखल, वक्त्यांचं नाव गाळलंय. विषय विभागाला फोन करून विचारला. आधी उत्तर मिळालं 'भूशास्त्राच्या अनुषंगाने'. नेमकं काय बोलणार आहेत, असं खोदून विचारल्यावर खालची पहिली ओळ मिळाली.

«दरड कोसळण्याआधी डोंगर कोणत्या खुणा देतो?
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६. व्याख्यान दुपारी ३ ते ३.४५, प्रश्नोत्तरं ४.१५ पर्यंत.
विज्ञान इमारत, दुसरा मजला, खोली २०४ (आधी ११० जाहीर केली होती). लिफ्ट उत्तरेकडच्या दाराजवळ.
कोणत्याही शाखेचे विद्यार्थी, कर्मचारी आणि बाहेरचे श्रोते येऊ शकतात. भूशास्त्राची ओळख नसली तरी चालेल. नोंदणी नाही. जागा ६०.
व्याख्यान मराठीत, स्लाइड इंग्रजीत. ध्वनिमुद्रण होणार नाही.
शेवटचा बदल : सोमवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ११.»

पत्रकाचे दोन भाग करतोय. वर 'मुदती आणि बंद' (अर्ज, नोंदणी, पाणी, वीज), खाली 'या आणि ऐका'. विभागांनी माहिती बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची, पत्रक शुक्रवारी सकाळी निघणार. बदल असेल तर त्याच पानावर आणि त्याच कागदावर. पत्रक फक्त दोन ठिकाणी लावणार, कारण दोनच ठिकाणी धावत जाऊन खोडणं मला जमेल.

वाचनकक्ष | बुधवार, रात्री ९.४१

'ध्वनिमुद्रण होणार नाही' हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नाहीतर निम्मे लोक 'नंतर बघू' म्हणून घरी बसतात.

निळी शाई | बुधवार, रात्री १०.०२

छान झालंय. एक भर: कोणाला विचारायचं तेही लिहा. माणसाचं नाव नको, तो रजेवर जातो. कार्यालयाचा टेबल क्रमांक आणि वेळ लिहा. आणि वर 'मा. विभागप्रमुखांच्या आदेशान्वये' एवढी एक ओळ राहू द्या. तेवढ्यावर सही मिळते, मग खाली काय लिहिलंय ते कोणी बघत नाही.